मुख्य चालकाचा रकाना

आमच्या आजोबांना शहरातली निम्मी माणसं 'क्लच मास्तर' म्हणतात. उरलेली निम्मी समोरच्याकडे शिकली.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका बाजूला आजोबांचं ड्रायव्हिंग स्कूल आणि बरोब्बर समोर त्याचं, असं एकतीस वर्षं चाललं. आता दोन्ही बंद होऊन दहा वर्षं होतील. आजोबांच्या गाळ्यात चष्म्याचं दुकान आलं, समोर केस कापतात. पण आजोबांनी त्या माणसाचं नाव अजून तोंडातून काढलेलं नाही. 'समोरचा' म्हणतात आणि म्हणताना हनुवटी पुढे उचलतात. मग ते कुठल्याही खोलीत, कुठेही तोंड करून बसलेले असोत, हनुवटी जाईल तिकडे समोरचा असतो. परवा तो फ्रिजमध्ये होता.

दोघांची शिकवायची तऱ्हा अगदी उलट. आजोबा म्हणजे, "क्लच. क्लच. अरे क्लच. आभाळात काय बघतोस, विमान शिकायला आलायस का?" आणि समोरचा म्हणजे, "हळूच... हं... अगदी हळूच सोडायचा... वा." ते 'वा' नाकातून येतं आणि शेवटी पिसासारखं खाली उतरतं. हे मला आजोबांमुळे माहीत. ते समोरच्याचं 'वा' असं काढतात की दार वाजलं तर तोच आला असं वाटावं. एवढी हुबेहूब नक्कल प्रेमापोटी जमत नाही, त्याला पोटात दुखावंच लागतं.

तर गेल्या महिन्यात विमा कंपनीचा फोन आला. गाडीची पॉलिसी संपायला वीस दिवस होते. आजोबांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण कंपनीशी बोलताना साक्षीदार हवेत असं त्यांचं मत आहे. साक्षीदार म्हणजे मी आणि स्वयंपाकघरातली आजी.

"सर, आपली गाडी समुद्रापासून किती अंतरावर उभी असते, सर?" फोनवरची मुलगी प्रत्येक वाक्याला दोन्हीकडून 'सर' लावायची, पावाच्या दोन तुकड्यांसारखा.

"भरतीला की ओहोटीला?" आजोबांनी विचारलं.

तिच्यासमोरच्या कागदावर हे उत्तर नसावं. "सर, साधारण सांगितलंत तरी चालेल, सर."

"गंजायला पुरेल इतकी जवळ."

"ओके, सर. सर, आपलं वय शहात्तर पूर्ण आणि फेब्रुवारीत एक क्लेम आहे, सर. समुद्राच्या कठड्यावर गाडी चढल्याचा."

"चढली नव्हती. टेकली होती."

"सर, फोटोत पुढची दोन्ही चाकं हवेत आहेत, सर."

"वाळू होती रस्त्यावर. वारा सुटला की येते. तुमच्या ऑफिसात येत नसेल."

मग मुलीने सावकाश नियम सांगितला. सत्तरच्या वरच्या चालकांची कंपनी आता ड्रायव्हिंगची चाचणी घेते. कंपनीचं माणूस शेजारी बसणार, शंभरापैकी गुण देणार. आजोबा पास झाले तर पॉलिसीत मुख्य चालक तेच राहतील. नाही झाले तर त्यांना गाडी चालवता येणार नाही, म्हणजे चालवली तर विमा नाही. "घरात आणखी कोणाकडे लायसन्स आहे का, सर?"

"आहे," आतून आजी म्हणाली.

आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचा आवाज मोठा नसतो, पण तो आला की लाइनवरचे बाकीचे सगळे आपोआप गप्प होतात. मुलीचंही 'सर' बंद पडलं.

"मॅडम, आपलं वय?"

"एक्काहत्तर."

"कधी क्लेम?"

"एकही नाही."

"मग काहीच प्रश्न नाही, मॅडम. आपलीही चाचणी घेऊ. सर पास नाही झाले तर मुख्य चालक आपण." आणि मग तिने अत्यंत गोड आवाजात आजोबांचं वाटोळं केलं. "सर, काळजी नको. प्रवासी म्हणून आपण गाडीत पूर्ण सुरक्षित आहात, सर."

आजोबांनी फोन ठेवला. पाच मिनिटं खिडकीतून खाली गाडीकडे बघत राहिले. "प्रवासी," ते म्हणाले. नंतर, "सुरक्षित."

आता यात इतकं लागण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. बायकोने गाडी चालवली तर काय बिघडलं. पण आजी ज्याच्याकडे शिकली, तो समोरचा.

याला तेरा वर्षं झाली. आजी नोकरीतून मोकळी झाली आणि म्हणाली, मला गाडी शिकवा. आजोबा तिला पहिल्या दिवशी चौकापर्यंत घेऊन गेले. तेवढ्यात त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक सात वेळा दाबला. आजीचं म्हणणं, ब्रेकचं मला काही नाही वाटलं. पण अर्धा तास ते मला 'ओ बाई' म्हणत होते. ओ बाई, गिअर. ओ बाई, ती सायकल आपल्याच रस्त्यावर आहे. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली आणि मी 'ओ बाई'.

दुसऱ्या दिवसापासून आजी रोज चार वाजता वाचनालयात जायला लागली. दीड महिना गेली. आजोबा कौतुकाने सांगायचे, हिला वाचनाचं वेड लागलंय. मग एकदा ते विद्यार्थ्यांना घेऊन लायसन्सच्या परीक्षेला गेले, तर तिथला साहेब म्हणाला, "मास्तर, वहिनींनी काल आठाचा आकडा काय सुरेख काढला हो." आजोबांनी विचारलं, "कुठला आकडा?" शेजारी समोरचा उभा होता. तो काही बोलला नाही. नुसता मान खाली घालून हसला. आजोबा म्हणतात, तो बोलला असता तर मी माफ केलं असतं.

तेव्हापासून आजी गाडी काढते तेव्हा आजोबांना काम निघतं. पायात गोळा येतो, कोणी भेटायला येणार असतं, एकदा तर चालणं तब्येतीला चांगलं म्हणून ते बाजारापर्यंत चालत गेले आणि आजी शेजारून हळू गाडी चालवत सोबत करत होती. तेरा वर्षांत ते आजीच्या शेजारी एकदाही बसलेले नाहीत. आता कंपनी म्हणत होती की जन्मभर बसा.

त्या संध्याकाळी आजीने चहा पुढे ठेवला आणि सहज सांगितलं, "त्यांची झाली चाचणी. ब्याण्णव मिळाले."

"कोणाला?"

आजीने हनुवटी उचलली.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. भाजीच्या दुकानात भेटले."

"तो कधीपासून भाजी आणतो?"

"जेवायला लागल्यापासून आणत असतील."

आजोबांनी चहा घेतला नाही. "शंभरातले?"

"नाही, दोनशेतले. शंभरातलेच हो."

पुढचे आठ दिवस आमच्या घरात ब्याण्णव हा आकडा राहायला आला. आजोबा दात घासता घासता थांबायचे आणि म्हणायचे, "आठ गेले कुठे असतील? वळणावर. वळणावर तो कायम बाहेर जातो." जेवताना म्हणायचे, "परीक्षा घेणारा त्याचाच विद्यार्थी असणार." फिरायला जायचे ते त्याच्या इमारतीवरून, आणि येऊन अहवाल द्यायचे. गाडीला नवं कव्हर घेतलंय, राखाडी. मागच्या दाराला ओरखडा आहे, बोटभर. टायर गुळगुळीत आहेत, तरी ब्याण्णव. त्यांनी डोळे तपासून घेतले. आपल्याच जुन्या गाळ्यातल्या चष्मेवाल्याकडे गेले आणि पहिला प्रश्न विचारला, समोरच्याचा नंबर किती. चष्मेवाला म्हणाला, मास्तर, असं सांगता येत नाही. आजोबा म्हणाले, सांगू नकोस, माझ्यापेक्षा जास्त आहे का तेवढं बोल.

मग त्यांनी सराव काढला. आजी शेजारी बसलेली चालणार नव्हती, म्हणून मला बसवलं. सकाळी सात वाजता किनाऱ्याच्या रस्त्यावर. खरं सांगते, आजोबा गाडी चालवतात तेव्हा गिअर कधी बदलला ते कळत नाही. एखादा जुना वाढपी वाढून जातो आणि ताट भरल्यावरच आपलं लक्ष जातं, तसं. मी मनात शंभर देऊन टाकले होते.

एका ठिकाणी फुटपाथवरून कुत्रं उतरलं. आजोबांचे दोन्ही पाय एकदम पेडलवर गेले आणि इंजिन जागच्या जागी जोरात गुरगुरलं. मग गाडी थांबली. कुत्रं आमच्याकडे बघून निघून गेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? थांबली ना?"

"पण रेस का दिलात?"

"रस्त्याकडे बघ. माझ्या पायांकडे काय बघतेस?"

घरी येऊन मी आजीला विचारलं. ती चाकू धुवत होती. नळ बंद करून म्हणाली, "ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्यांच्या बाजूला किती पेडल होते?"

मला आठवलं. लहानपणी मी त्या गाडीत डावीकडे बसून खेळायचे. शिकवणाऱ्याच्या बाजूला दोनच पेडल. डावा क्लच, उजवा ब्रेक. रेस नसतोच, तो शिकणाऱ्याच्या ताब्यात.

"एकतीस वर्षं ते डावीकडे बसले," आजी म्हणाली. "काही अचानक आलं की उजवा पाय उजव्या टोकाला मारायचा. तिकडे टोकाला ब्रेक होता. इकडे चालवणाऱ्याच्या बाजूला टोकाला काय असतं?"

"रेस."

"क्लच दाबलेला असला तर नुसता आवाज होतो. फेब्रुवारीत नव्हता दाबलेला. मी कठड्यावर बसले होते, सगळं समोर बघितलं. वाळूबिळू काही नव्हती."

"मग त्यांना सांगत का नाहीस?"

"त्यांना माहीत आहे," आजी म्हणाली आणि नळ सोडला.

चाचणीच्या दिवशी आलेली बाई तिशीची होती, हातात टॅब, पायात धावायचे बूट. आजोबांनी तिला आधी विचारलं, "तुम्ही गाडी कोणाकडे शिकलात?" ती दुसऱ्या गावची निघाली. आजोबांना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

आधी आजीचा नंबर. टॅबवाली तिच्या शेजारी, मी आणि आजोबा मागे. आजोबांनी मागे बसायचा हट्टच धरला. म्हणाले, मला नुसतं बघायचंय. टॅबवाली म्हणाली, सर, मध्ये बोलायचं नाही. आजोबा म्हणाले, मी कधी बोलतो?

आजीने आरसा बघितला, खूण दिली, वळली. प्रत्येक वळणाला तेच, त्याच क्रमाने, ओठांतल्या ओठांत. बाजारातून गेली, गोल चौकात आपली पाळी येईपर्यंत थांबली. चढावर गाडी उभी करून पुन्हा सुटायचं होतं. तिथे तिने हँडब्रेक अगदी हळूच सोडला. मागे बोटभरही गेली नाही. मी आजोबांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही पाय पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेले, बोटं आवळलेली. ज्याच्यावर जळायचं तो माणूस तिथे नव्हता आणि तरी तो गाडीभर पसरला होता, आजीच्या मनगटात, मानेत, त्या 'हळूच' मध्ये.

"छान चालवता, मॅडम," टॅबवाली म्हणाली. "कोणाकडे शिकलात?"

आजीने आरशातून मागे बघितलं. "एका शांत माणसाकडे."

आजोबांनी काच खाली केली. खारा वारा आत आला. त्यांना तोही आवडला नाही.

आजीला शहाण्णव मिळाले. आजोबांचा चेहरा क्षणभर उजळला. समोरच्याच्या वर चार. मग ते शिकवलं कोणी हे आठवलं आणि आलेला आनंद अर्ध्या रस्त्यातून परत फिरला. "शहाण्णव म्हणजे जरा सढळ हाताने दिलेत," ते म्हणाले.

मग त्यांची पाळी. टॅबवाली नंबर प्लेटचा फोटो काढायला पुढे गेली होती. आजोबा उतरले, पुढचं दार उघडलं, बसले, पट्टा लावला आणि तयार होऊन म्हणाले, "हं, चला."

टॅबवाली बाहेर उभी राहून बघत होती. "सर, आज तुम्ही चालवणार आहात ना?"

ते डावीकडे बसले होते.

कोणी हसलं नाही. मागे माझ्याशेजारी येऊन बसलेल्या आजीने तर खिडकीबाहेर तोंड फिरवलं. आजोबा उतरून पलीकडे गेले आणि पहिल्या चौकापर्यंत कानापर्यंत लाल होते. पण त्यानंतर त्यांनी जी गाडी चालवली ती मी जन्मात विसरणार नाही. गोल चौक असा घेतला की टॅबवालीच्या मांडीवरचं पेन गडगडलं नाही. दोन गाड्यांमधल्या जागेत एका दमात गाडी घातली. टॅबवालीच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

शेवटचा तुकडा किनाऱ्याचा. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन फुटपाथवर उभी होती, फोनवर बोलत. आणि बोलता बोलताच ती रस्त्यावर उतरली.

आजोबांचे दोन्ही पाय गेले. इंजिन ओरडलं. मग ब्रेक. गाडी त्या बाईच्या तीन हात अलीकडे थांबली. बाईने हाताने 'सॉरी' म्हटलं आणि फोनवर बोलत पलीकडे गेली.

टॅबवालीने खाली बघून काहीतरी टिपलं. "थांबवलीत छान, सर. फक्त रेस जास्त झाला, त्याचे दोन जातील." तिने बोट फिरवलं. "त्र्याण्णव. अभिनंदन, सर. पास."

त्र्याण्णव. ब्याण्णवच्या पुढचा आकडा. आजोबांनी तो तोंडात घोळवला, अगदी दिसत होतं. हनुवटी आपोआप वर आली, समुद्राच्या दिशेने. मी मागच्या सीटवर आजीचा हात धरला. ऑपरेटर लाइनवर असतो, ऐकत असतो, पण बोलत नाही, तशी ती मागे बसली होती.

आजोबा त्या ढकलगाडीकडे बघत राहिले. ती पार पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत बघत राहिले.

"ओ बाई," ते टॅबवालीला म्हणाले. "तो रेस नव्हता. तो ब्रेक होता."

"म्हणजे, सर?"

"माझ्या पायाला तो ब्रेक वाटतो." आणि मग त्यांनी दोन पेडलचं, तीन पेडलचं, डावीकडचं, उजवीकडचं सगळं सांगितलं, विद्यार्थ्याला सांगतात तसं, हाताचे पंजे पेडल करून. "फेब्रुवारीतही हेच. वाळू नव्हती. नापास करा."

"सर, मार्क सबमिट झालेत."

"मग परत घ्या."

"तसं बटण नाहीये, सर."

"कमाल आहे. ज्याला कुठला पाय कुठे ते कळत नाही, त्याला मी कधी परीक्षेला पाठवला नाही. एकाला चौदा महिने बसवून ठेवला होता. आणि तुमच्याकडे बटण नाही."

टॅबवाली गोंधळली. एवढ्या चाचण्यांत नापास करा म्हणून भांडणारा तिला पहिलाच भेटला असावा. शेवटी आजोबा जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मुख्य चालक म्हणून हिचं नाव घाला. माझं काढा. तेवढं तरी बटण आहे का?"

"ते आहे, सर."

"मग दाबा."

तिने दाबलं. आजोबा उतरायला लागले, एक पाय बाहेर ठेवून थांबले. "आणि ते त्र्याण्णव? ते पुसले नाही ना जाणार?"

"नाही, सर. रेकॉर्डला राहतात."

"राहू देत," आजोबा म्हणाले. "कागद मिळेल ना त्याचा?"

यात थोरपणा किती आणि समोरच्यावर मात किती, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनाही नाही. संध्याकाळी भाजी आणायला आजी उठली, तर ते आधीच पिशवी घेऊन दाराशी उभे होते. दीड तासाने रिकामी पिशवी घेऊन परत आले. समोरचा आज आलाच नाही म्हणाले.

नवी पॉलिसी सुरू झाली त्या रविवारी सकाळी आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आजीला म्हणाले, "चल, काढ गाडी." आजीने कुठे म्हणून विचारलं नाही. ती उजवीकडे बसली, ते तेरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या शेजारी बसले, आणि मी मागे. पहिल्या चौकापर्यंत त्यांनी जीभ दाताखाली धरून ठेवली. मग, "आरसा."

"बघितला."

"खूण."

"दिली."

"मला दिसली नाही."

"तुम्ही बाहेर असतात तर दिसली असती."

बंदराच्या उतारावर पुढे एक गाडी दिसली. मागच्या दारावर ओरखडा, बोटभर. आजोबा सीटवरून पुढे सरकले. "घे पुढे त्याच्या."

"इथे वळण आहे. नाही घेत."

"अगं, जातोय तो."

"जाऊ देत की. त्यांना कुठे जायचं असेल." आजीने गिअर बदलला. "आपल्याला कुठे जायचंय? मघापासून विचारीन म्हणते."

आजोबा समोरच्या काचेतून बघत राहिले. पुढची गाडी वळणावर जराशी बाहेर गेली, आणि त्यांनी समाधानाने मान हलवली.

"तो जातोय तिकडे," ते म्हणाले. "जरा जवळून."